कोकराच्या काळजात तांबं किती? रिपोर्ट आलाय, उलगडा करा

दुष्काळी_शेतकरी | १९ जानेवारी, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. मी सिन्नरच्या पूर्व भागातला, वावीच्या पुढचा. ६२ मेंढ्या आहेत, दख्खनी, संगमनेरी वळणाच्या. वडील होते तोवर खांड रानोमाळ फिरायची. चार वर्षांपासून मी अर्धबंदिस्त केलंय. सकाळी चार तास माळावर, बाकी वेळ वाड्यात लसूणघास आणि ज्वारीचा कडबा.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात २७ मेंढ्या व्याल्या. कोकरं जन्मली तेव्हा ठणठणीत होती. तिसऱ्या आठवड्यात एक कोकरू मागच्या पायांनी वेडंवाकडं चालायला लागलं. हळू चाललं तर कळतही नाही. पिटाळलं की मागचा भाग झोकांडी खातो आणि ते कुत्र्यासारखं बसकण मारतं. डोळे टवटवीत, ताप नाही, आईला ढुशा देऊन पितंय. पाच दिवसांत आणखी दोन तशीच झाली. पहिल्याला पुढे उठताच येईना, त्यामुळे आईखाली जाता येईना. मी बाटलीने पाजलं पण गेलं शेवटी.

डॉक्टरांनी चिरून बघितलं आणि काळजाचा, म्हणजे यकृताचा, तुकडा बर्फात घालून खाजगी लॅबला पाठवला. रिपोर्ट आलाय: तांबं १४, जस्त १३१, लोह २८५, मँगनीज ९. सगळ्यापुढे मिलिग्रॅम प्रति किलो एवढंच. चांगलं किती, वाईट किती, काही नाही. डॉक्टर लग्नासाठी गावी गेलेत, येत्या सोमवारी येतील. दुकानदार म्हणतो तांबं कमी आहे, हे लिक्विड सगळ्या कोकरांना आणि मेंढ्यांनाही पाजा. बाटली समोर ठेवलीय. वर गाईचं चित्र आहे. पाजू का?

चहाटळ | रात्री ९:५२

शीर्षक वाचून वाटलं कविता विभागातला धागा इकडे भरकटलाय. माफ करा दादा, विषय गंभीर निघाला. वाचतोय.

वाघूर | रात्री १०:०५

पाजू नका. आधी बाटली वळचणीला खोचून ठेवा, मग पुढचं बोलू.

आम्ही नांदगावकडचे धनगर. दिवाळी झाली की कसाऱ्यावरून खाली, मिरग लागायच्या आत वर. माझ्या आज्याच्या वेळी जंतावर मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं मीठ, पाजायची पद्धत होती. मोरचुदाचं पाणी बाटलीत, बाटलीवर कोळशाची खूण, तेवढं एकेकीला. एका वर्षी आज्याला बरं नव्हतं म्हणून चुलत्याने कालवलं. त्याने मुठीने टाकलं. दुपारी पाजलं, तिन्हीसांजेला मेंढ्या दात खायला लागल्या, हिरवट-निळं हगायला लागल्या. सकाळी वाघरीत, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीत, ११ पडलेल्या होत्या. आजा त्यानंतर नऊ वर्षं जगला, पण मोरचुदाची पुडी घरात येऊ दिली नाही. दुसऱ्याच्या बागेत फवारणी चालू दिसली तरी खांड वळवायचा.

दुष्काळी_शेतकरी | रात्री १०:११

बाटली माळ्यावर टाकली. पण मग रिपोर्टात तांबं कमी आहे का जास्त, ते तरी सांगा कोणी.

परीक्षानळी | रात्री ११:२०

माझं काम अशाच यंत्रावर. जनावरांचं नाही, अन्नपदार्थांचं, पण हिशोब तोच.

तुमच्या रिपोर्टात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट छापलेलीच नाही. हा आकडा ओल्या वजनावरचा आहे की कोरड्या? काळजात साधारण ७० टक्के पाणी असतं, लहान पिलांत त्याहून थोडं जास्तच. काही लॅब तुकडा आहे तसा तोलून विरघळवतात, काही आधी भट्टीत सुकवून मग तोलतात. कोरड्या वजनावरचा आकडा ओल्याच्या सुमारे साडेतीन पट येतो. नमुना तोच, तांबं तेवढंच, कागदावरचे आकडे वेगळे. एका पद्धतीचा आकडा घेऊन दुसऱ्या पद्धतीच्या तक्त्यात बघितला की माणूस हमखास उलट्या दिशेला जातो.

मेंढीच्या काळजात ओल्या वजनावर २५ ते १०० च्या दरम्यान तांबं असलं तर ठीक समजतात. तुमचे १४ ओले असतील तर थोडी ओढाताण आहे. कोरडे असतील तर ओल्यात ते जेमतेम ४ होतात, म्हणजे डबा रिकामाच.

आता गंमत बघा. जस्त काळजात फार वरखाली होत नाही, ओल्या वजनावर ते बहुतेक वेळा ३० ते ७५ मध्ये असतं. तुमचं १३१ आहे. साडेतीनने भागा: ३७. त्या पट्ट्यात बसतं. मँगनीज ९ भागिले साडेतीन, अडीच. तेही बसतं. म्हणून माझा कयास असा की रिपोर्ट कोरड्या वजनावरचा आहे आणि तांबं खरंच तळाला गेलंय. तरी उद्या सकाळी लॅबला फोन करून विचारा. कयासावर औषध पाजत नाहीत.

गोठ्यातला_डॉक्टर | २० जानेवारी, सकाळी ६:३५

परीक्षानळी, जस्तावरून पद्धत ओळखायची युक्ती आवडली. वापरीन.

शेतकरी दादा, तुम्ही लक्षणं फार नीट लिहिलीत, म्हणून थोडं लांबण लावतो. मागचे पाय गेले की प्रत्येक वेळी तांबंच असं नाही. सांधे गरम आणि सुजलेले असतील तर नाळेवाटे जंतू गेलेत. अंग लाकडासारखं ताठ असेल तर धनुर्वात. मांड्या कडक, हात लावला की कोकरू कळवळतं, चालताना अवघडतं, असं असेल तर सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडून स्नायू पांढरे पडलेत, त्यात हृदयाचा स्नायूही सापडतो. तुमचं यातलं काही दिसत नाही. शुद्धीत, भूक चांगली, दुखत नाही, फक्त मागचा भाग ताब्यात नाही आणि पळवल्यावर जास्त दिसतं. हे तांब्याच्या कमतरतेचं उशिरा दिसणारं रूप असतं. इंग्रज मेंढपाळ याला स्वेबॅक म्हणतात.

होतं काय, तर मज्जातंतूंवरचं वेष्टण तयार व्हायला तांबं लागतं. कोकराचा मज्जारज्जू बराचसा आईच्या पोटातच घडतो, मेंढीच्या पाच महिन्यांच्या गाभणपणातल्या शेवटच्या दोन महिन्यांत. तेव्हा आईकडे तांबं नसेल तर वायरवर प्लॅस्टिक न चढवताच घरात वायरिंग केल्यासारखं होतं. जन्माला येताना कोकरू काळजात जेवढं तांबं घेऊन येतं, ती त्याची शिदोरी. कारण दुधात तांबं नावापुरतंच असतं. शिदोरी कमी असेल तर तीन आठवडे ते तीन महिने या काळात कधीही पाय लटपटायला लागतात.

आणि झालेलं नुकसान भरून येत नाही, हे कटू आहे पण सांगितलं पाहिजे. आजारी दोघांना तांबं देऊन ती उड्या मारायला लागणार नाहीत. जास्त बिघडू नयेत आणि बाकीची २४ वाचावीत, यासाठी उपचार करायचा.

मग बाटली का नको? दुधावरचं कोकरू पोटात गेलेल्या तांब्यातलं ७० टक्क्यांच्या वर शोषून घेतं. तेच कोकरू दूध तोडून चाऱ्यावर आलं की १० टक्केही घेत नाही. मोठ्या जनावराच्या हिशोबाची मात्रा दुधावरच्या पिलाला देणं म्हणजे काय ते यावरून समजा. त्यात मेंढी ही जातच तांब्याच्या बाबतीत नाजूक. गाय जास्तीचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकते, मेंढीला ते नीट जमत नाही, ती काळजात साठवत बसते.

सोमवारी तुमच्या डॉक्टरांना म्हणा: सहा-आठ मेंढ्यांचं रक्त घ्या. कोकरांना द्यायचं तर वजन करून, इंजेक्शनने, त्यांच्या हातून. आणखी एखादं दगावलंच तर काळीज स्वच्छ प्लॅस्टिक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये. ते फॉर्मॅलिनमध्ये अजिबात नको. मेंदू आणि मज्जारज्जूचा तुकडा मात्र १० टक्के फॉर्मॅलिनमध्येच. या दोन्हीची अदलाबदल झालेले डबे मी आयुष्यात किती पाहिलेत!

परीक्षानळी | सकाळी ८:१०

डॉक्टरांच्या मुद्द्याला आकडा जोडतो. एका दमात शरीराच्या दर किलोमागे २० ते १०० मिलिग्रॅम तांबं पोटात गेलं तर मेंढीला तीव्र विषबाधा होते. कोकरू ६ किलोचं धरा. खालची मर्यादा १२० मिलिग्रॅम. मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा, म्हणजे मोरचूद झालं अर्धा ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर अर्धा ग्रॅम टाकून बघा एकदा. चिमटीत घेतल्याचंही जाणवत नाही. वाघूरभाऊंच्या चुलत्याने मुठीने टाकलं होतं.

सईची_आई | सकाळी ९:३०

मी येवल्याची, माझ्याकडे १४ शेळ्या. गाईंसाठी आणलेलं खनिज मिश्रण त्यांनाही दोन वर्षं देतेय, कधी काही झालं नाही. मग मेंढ्यांनाच एवढं काय?

गोठ्यातला_डॉक्टर | सकाळी ९:४८

ताई, शेळी तांबं मेंढीपेक्षा बरंच जास्त पचवते. म्हणूनच शेळ्या-मेंढ्या एकत्र असलेल्या वाड्यात हा घोटाळा होतो. एका गव्हाणीत एकच मिश्रण, शेळ्या तुकतुकीत आणि मेंढ्या सहा महिन्यांनी पिवळ्या. तुम्ही उद्या चार मेंढ्या आणल्या तर त्यांची गव्हाण वेगळी ठेवा. कोंबडीखत मिसळलेलं खाद्य आणि कोंबड्यांचं उरलेलं खाद्यही मेंढ्यांना नको, त्यातही तांबं असतं.

द्राक्षवाला | दुपारी १:१५

मला माझी गोष्ट लिहायची नव्हती, कारण मूर्खपणा माझाच होता. पण वरची बाटली बघून लिहितो.

दिंडोरीला माझी चार एकर बाग. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी डोक्यात घातलं की मेंढ्या पाळ, ओळींतलं तण खातील, तणनाशक वाचेल, लेंडी जागेवर पडेल. २५ मेंढ्या आणल्या. जूनपासून बागेत सोडल्या. हिशोब झकास जमला. मेंढ्या अशा सुटल्या की बघणाऱ्याची दृष्ट लागावी.

आता पावसाळ्यात आमच्याकडे काय चालतं ते बागाईतदारांना माहीत आहे. पानं टिकवायची, डाऊनी ही बुरशी येऊ द्यायची नाही, म्हणून बोर्डो. मोरचूद, चुना, पाणी. पाऊस उघडला की फवारा. पानांवर आणि खालच्या गवतावर निळसर पांढरी पूड बसते ती बसतेच. ऑक्टोबरची छाटणी झाली, सगळी पानं खाली, आणि मेंढ्यांनी ती पापडासारखी कुरकुरत खाल्ली. मला तर बरंच वाटलं, पाला उचलायची मजुरी वाचली.

नोव्हेंबरमध्ये लग्नाच्या मांडवासाठी जागा हवी म्हणून सगळ्या पिकअपमध्ये भरून मेहुण्याच्या मळ्यावर पाठवल्या. दोन तासांचा प्रवास. तिसऱ्या दिवशी मेहुण्याचा फोन: "दाजी, मेंढ्या कोकम सरबत मुतायला लागल्या." गेलो. डोळ्याची आतली कड हळदीसारखी पिवळी. चार महिन्यांची दोन कोकरं पहाटेच गेली होती. आठवड्यात एकूण ९ गेल्या. चिरल्यावर चरबीसुद्धा पिवळी, आणि मूत्रपिंड काळंनिळं, बंदुकीच्या नळीच्या रंगाचं. तो रंग मी विसरत नाही. काळजातलं तांबं ओल्या वजनावर ३८०. ओल्या वजनावर, हे डॉक्टरांनी स्वतः पेनाने लिहून दिलं होतं, त्याची किंमत आज हा धागा वाचून कळली.

म्हणजे तुमच्या वाड्यापासून माझी बाग एका दिवसाच्या वाटेवर आणि एकाचं काळीज रिकामं, दुसऱ्याचं ओतू जातंय. दुकानदाराकडे बाटली मात्र एकच.

वाघूर | दुपारी १:४०

आमची म्हातारी माणसं बागेत खांड बसवायला नको म्हणायची ते उगाच नाही. कांद्याच्या, गव्हाच्या रानात बसवू, धान्य कमी मिळालं तरी चालेल. "निळ्या पानात लक्ष्मी घालू नये" असं आजा म्हणायचा.

खवय्या_नाशिककर | दुपारी २:०५

इथे एक बाहेरचा प्रश्न. मी दर रविवारी कलेजी खातो. आता भीती वाटायला लागली.

गोठ्यातला_डॉक्टर | दुपारी २:३०

खा. निरोगी जनावराची, तपासलेल्या दुकानातली, कधीमधी. काळजात तांबं, लोह, अ जीवनसत्त्व भरपूर असतं म्हणूनच तर आजी बाळंतिणीला सूप द्यायची. ज्यांना विल्सनचा आजार आहे, म्हणजे माणसाच्याच काळजात तांबं साठतं, त्यांनी मात्र टाळायची. आणि मेलेल्या, कावीळ झालेल्या जनावराची कोणीच खायची नाही, कुत्र्यानेसुद्धा. ते जनावर पुरून टाका.

जैविक_जगू | संध्याकाळी ५:००

रसायनांच्या नादी लागून ही वेळ आली. साधा उपाय: तांब्याच्या हंड्यात रात्रभर पाणी ठेवा, सकाळी मेंढ्यांना पाजा. नैसर्गिक तांबं कधीच बाधत नाही.

परीक्षानळी | संध्याकाळी ५:२२

जगूभाऊ, तांब्याला आपण नैसर्गिक आहोत की नाही हे माहीत नसतं. द्राक्षवाल्यांच्या ९ मेंढ्या बोर्डोने गेल्या आणि सेंद्रिय शेतीवालेही बोर्डो मारतात. हंड्यातल्या पाण्यात तांबं किती उतरलं ते पाणी किती आंबट, हंडा कधी घासला, किती तास ठेवलं यावर ठरतं. ज्या गोष्टीचं माप नाही तिचा डोस कसला? शिवाय ६२ मेंढ्यांना पुरतील एवढे हंडे आणायचे तर भांडीबाजारातल्या तांबटाचं भलं होईल फक्त.

परदेशी_पाखरू | २१ जानेवारी, पहाटे ४:१५

मूळचा निफाडचा, सध्या पर्थजवळ. मेंढ्यांशी माझा संबंध शेजाऱ्यांपुरता. पण हा सगळा शोध ज्या भागात लागला तो इथून तासाभराच्या अंतरावर आहे म्हणून लिहितो.

जिंजिन नावाचं गाव आहे. तिथल्या कोकरांचे पाय लटपटायचे, लोक त्याला 'जिंजिनचा मुडदूस' म्हणायचे. मुडदूस नव्हताच तो. बेनेट्स आणि चॅपमन या दोघांनी १९३७ मध्ये दाखवून दिलं की आयांना तांबं कमी पडतंय. तिकडे दक्षिण ऑस्ट्रेलियात किनाऱ्याच्या चुनखडीच्या वाळूवर गवत गुडघ्याएवढं, तरी मेंढ्या वाळून मरायच्या. तिथे तांब्याच्या जोडीला कोबाल्ट कमी निघालं. कोबाल्टचं काम काय ते त्या वेळी कोणाला माहीत नव्हतं. १९४८ मध्ये बी-१२ जीवनसत्त्व वेगळं काढलं तेव्हा त्याच्या मधोमध कोबाल्ट सापडलं आणि उलगडा झाला.

सईची_आई | २१ जानेवारी, सकाळी ९:००

कोबाल्टचं वाचून विचारते. बहिणीकडे मेंढ्या आहेत. तिची कोकरं दूध तोडेपर्यंत छान, मग चौथ्या महिन्यात खुरटतात. डोळ्यांतून पाणी, कानांवर कोंडा. चारा भरपूर आहे.

गोठ्यातला_डॉक्टर | सकाळी १०:२०

आधी जंत बघा ताई. खालची पापणी ओढून रंग बघायचा. पांढरीफटक असेल तर रक्त पिणारे जंत, आणि आपल्याकडे दहात आठ वेळा तेच असतं हे माझं मत आहे, आकडेवारी नव्हे. लेंडी तपासून जंत नाहीत असं ठरलं तर मग कोबाल्टचा विचार. मेंढीच्या पोटातले जंतू कोबाल्टपासून बी-१२ बनवतात, म्हणून कोबाल्ट तोंडावाटेच द्यावं लागतं, टोचून उपयोग नाही. बी-१२ मात्र टोचलं तरी चालतं. जास्त दिवस कमी राहिलं तर कोकराचं काळीज चरबीने फिकट पांढरट होतं. त्याचा वेगळा धागा काढा, इथे तांबंच पुरे आहे.

दुष्काळी_शेतकरी | सकाळी ११:०५

लॅबला फोन लागला. बाई म्हणाल्या, "कोरड्याच वजनावर, साहेब. आम्ही नेहमी तसंच करतो, लिहायचं राहतं." परीक्षानळी, तुम्हाला दंडवत.

आता प्रश्न असा की माझ्या मेंढ्यांना तांबं कमी का पडावं? वडिलांच्या वेळी त्याच गावात, त्याच जातीच्या मेंढ्यांना असं झालेलं आठवत नाही. उलट मी घास घालतो, वडील तर काटेकुटे खाऊ घालायचे.

गोठ्यातला_डॉक्टर | दुपारी १२:४०

तुमच्या प्रश्नातच उत्तराचं एक टोक आहे. तांबं चाऱ्यात कमी असतं असं नाही, ते वाटेत अडवलं जातं. अडवणारे तीन: मॉलिब्डेनम, गंधक आणि लोह. मेंढीच्या पोटात मॉलिब्डेनम आणि गंधक एकत्र आले की तांब्याला असे धरून बसतात की ते लेंडीवाटे निघून जातं. म्हणून चाऱ्यात तांबं मॉलिब्डेनमच्या सहापट-दहापट असावं लागतं. दुपटीच्या खाली आलं की कमतरता, दहापटीच्या फार वर गेलं की साठायला सुरुवात.

तुमची जमीन चुनखडीची असणार. अशा जमिनीत पिकं मॉलिब्डेनम जास्त उचलतात, आणि त्यातही द्विदल, म्हणजे घास. तुमचे वडील माळावर फिरवायचे, मेंढी शंभर प्रकारचं खायची. तुम्ही प्रेमाने एकच गोष्ट पोटभर घातलीत. पाणी कुठलं पाजता?

दुष्काळी_शेतकरी | दुपारी १२:५५

बोअरचं. ३४० फूट. मचूळ आहे, आम्ही पीत नाही. शेततळं आहे पण ते डाळिंबासाठी राखून ठेवतो. जमीन चुनखडी, बरोबर ओळखलंत.

गोठ्यातला_डॉक्टर | दुपारी १:०२

पाण्यातलं सल्फेट आणि लोह तपासा. आजच.

द्राक्षवाला | दुपारी १:३०

डॉक्टर, मॉलिब्डेनम तांबं अडवतं, तर मग माझ्यासारख्याच्या मेंढ्यांना तेच द्यायचं का? आमच्याकडे खताच्या दुकानात अमोनियम मॉलिब्डेट मिळतं, बागेला फवारतो.

गोठ्यातला_डॉक्टर | दुपारी २:१५

तत्त्व अगदी बरोबर. तांब्याच्या विषबाधेत मॉलिब्डेट आणि सोडियम थायोसल्फेट आम्ही काही आठवडे देतो, विशेषतः ज्या अजून पिवळ्या झालेल्या नाहीत त्यांना. पण खताची पुडी आणून अंदाजाने कालवायला लागलात तर वाघूरच्या चुलत्याचीच दुसरी आवृत्ती होईल. तुमच्या मेंढ्या पिकअपमध्ये घातल्यावरच का कोसळल्या, ते लक्षात घ्या. तांबं महिनोन्महिने काळजात गपचूप साठतं. प्रवास, उपास, थंडी, कुठलाही ताण आला की एकदम रक्तात सुटतं आणि तांबड्या पेशी फोडतं. त्या दिवसापर्यंत मेंढी दृष्ट लागण्यासारखी दिसते.

आणि नाशिककरांसाठी एक सावधगिरीची गोष्ट: लाल लघवी दिसली की लगेच तांबं ठरवू नका. लासलगाव-निफाड पट्ट्यात चाळीतला सडका कांदा मेंढ्यांपुढे ढीग करून टाकतात. कांद्यानेही तांबड्या पेशी फुटतात. मेंढी गाईपेक्षा बरीच सोसते, पण ढिगाला मर्यादा असते. घाणेरीचा पाला खाऊन झालेली कावीळ वेगळी, त्यात तोंडाची आणि कानांची कातडी उन्हाने भाजते. काळीज तपासल्याशिवाय यातलं कोणतं ते सांगणारा माझ्यापेक्षा हुशार आहे.

खुरं सडली म्हणून पाय बुडवायला मोरचुदाचं पाणी करत असाल तर तेही बंद करा. तहानलेली मेंढी ते पिते. १० टक्के झिंक सल्फेट त्याच कामाला चालतं.

चहाटळ | दुपारी २:२१

मी आलो होतो टवाळी करायला. आता मोरचूद, कांदा, घाणेरी यांची परीक्षा देऊ शकतो.

दुष्काळी_शेतकरी | २६ जानेवारी, रात्री ८:३०

थोडक्यात कळवतो. डॉक्टर सोमवारी आले. दुकानदाराच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं आणि ती स्वतःच्या गाडीत टाकून घेऊन गेले. आठ मेंढ्यांचं रक्त घेतलं, कोकरं स्प्रिंग काट्याला पिशवीत टांगून एकेक तोलली आणि मोजून टोचलं. पाच किलो सातशे, सहा किलो दोनशे, असं वहीत लिहून. मला वाटलं होतं पाच मिनिटांचं काम, दोन तास गेले.

ते एक गोष्ट म्हणाले. रक्तात तांबं बरोबर आलं तरी खुश होऊ नका. काळीज स्वतः रिकामं होत जातं पण रक्तातली पातळी शेवटपर्यंत सांभाळतं. म्हणून एखादी भाकड मेंढी खाटकाला देणार असाल तर तिच्या काळजाचा तुकडा मागून घ्या.

परीक्षानळी | रात्री ९:१०

मागाल तेव्हा एकाच भागाचा मागा, बोटाएवढा पुरे. स्टीलच्या स्वच्छ सुरीने, प्लॅस्टिक पिशवीत. पितळी डबा किंवा रबरी बूच नको, नाहीतर पितळेचं तांबं-जस्त आणि रबराचं जस्त मेंढीच्या नावावर जमा होईल. आणि या वेळी लॅबच्या फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा: कोरडं वजन, पाण्याचा टक्का कळवा.

दुष्काळी_शेतकरी | २१ फेब्रुवारी, रात्री ९:१५

उशीर झाला, कांदा काढणी होती.

पाण्यात सल्फेट लिटरला ६४० मिलिग्रॅम निघालं. माणसांच्या पिण्याच्या पाण्याला दुसरा पर्याय नसला तरी ४०० च्या वर चालत नाही म्हणे. लोह फार नाही. रक्तात आठपैकी पाच मेंढ्या कमी, तीन काठावर. दोन म्हाताऱ्या मेंढ्या विकल्या, त्यांची काळजं कोरड्या वजनावर २२ आणि ३१. म्हणजे खांडच रिकामी.

गाभण मेंढ्यांना आता शेततळ्याचं पाणी, डाळिंबाने समजून घ्यावं. घास निम्मा केला, कडबा आणि माळ वाढवला. मेंढ्यांसाठीचं खनिज मिश्रण डॉक्टरांनी लिहून दिलं, तेवढंच, मापाने. पुढच्या वेताआधी पुन्हा रक्त घ्यायचं ठरलंय.

नवीन कोकरू एकही लंगडलं नाही. आजारी दोघांपैकी एक गेलं. दुसरं आहे. पळताना अजून मागचा भाग उजवीकडे जातो, कुंपणाला घासतं आणि तसंच पुढे पळतं. मुलीने त्याचं नाव डोलकर ठेवलंय आणि ते विकायचं नाही असं मला बजावलंय.

खाटकाकडे काळजाचा तुकडा मागितला तेव्हा तो आधी हसला. म्हणाला, अख्खं नेलं असतं तर पैसे घेतले असते, बोटभर तुकड्याचे काय घेऊ. मग सुरी धुऊन, पुसून, पिशवीत घालून दिला. पिशवीला गाठ मारता मारता म्हणाला, "काय निघालं ते मलापण सांगा हो. मी रोज विकतो."